बाथचें ऊन पाणी

शिळें पाणी ओतून टाकावें आणि ताजें भरावें, हा आपल्या घरांतील पहिला धडा होय. आदल्या दिवशींचें पाणी झाडांना घालावें, हंडे-कळशा चिंचेनें घासून लखलखीत कराव्या आणि मगच नवें पाणी भरावें, हा क्रम आमच्या मातोश्रींनीं नव्वदी ओलांडेपर्यंत स्वतःच्या हातानें पाळला. वाईच्या घरीं न्हाणींत जो तांब्याचा बंब आहे, त्यावर तर त्यांची विशेष मर्जी. रोज पहाटे त्यांत ताजें पाणी पडलें पाहिजे, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं त्याच्या पोटांत सांचलेला क्षार खरवडून निघाला पाहिजे, असा त्यांचा दंडक. अशा संस्कारांत वाढलेल्या आम्हांस, पाणी जितकें शिळें तितकें बरें, असें सांगणारें एक यंत्र वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं भेटावें, आणि तेंही ज्या गांवांत जमिनीच्या पोटांतून अहोरात्र ताजें ऊन पाणी उसळत असतें त्या गांवांत भेटावें, हा योग मोठा चमत्कारिक होता. त्या गांवाची व त्या यंत्राची हकीकत वाचकांस सांगावी, आणि ओघानें आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादाचीही कबुली द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इंग्लंडच्या पश्चिमेकडे, लंडनपासून आगगाडीनें सुमारें दीड तासाच्या अंतरावर, एव्हन नदीच्या वळणांत बाथ हें शहर वसलेलें आहे. आमची कन्या व जावई तेथें चार वर्षें राहत होतीं. कन्येचें पहिलेंच बाळंतपण. तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांतली. पूर्वीं मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं येत असे. आतां माहेरच मुलीकडे जातें. त्याप्रमाणें आम्ही उभयतां ऑक्टोबरच्या अखेरीस डिंकाच्या लाडवांचे डबे, ओवा, बाळंतशेपा आणि एक गोधडी असें सामान घेऊन निघालों.

या गोधडीविषयीं दोन शब्द येथेंच सांगितले पाहिजेत. मातोश्रींचें वय 91. दृष्टि अधू झालेली. तरी पणतवंडाची चाहूल लागतांच त्यांनीं आपलीं दोन जुनीं लुगडीं आणि आमच्या वडिलांचें एक धोतर पेटींतून काढून घेतलें, आणि सबंध पावसाळाभर खिडकीशीं बसून, सुईंत दोरा मात्र सुनेकडून ओवून घेऊन, ती गोधडी पुरी केली. निघतांना ती आमच्या हातीं देत त्या म्हणाल्या, “मी कांहीं आतां विमानांत बसत नाहीं. पोराच्या अंगाखालीं माझें लुगडें असलें म्हणजे मी तेथें आलेंच.” ही त्यांच्या हातची शेवटचीच गोधडी, हें आम्हांस ठाऊक होतें, आणि त्यांनाही.

पॅडिंग्टन स्टेशनांतून निघालेली गाडी बाथच्या अलीकडे एका लांब बोगद्यांतून जाते. ब्रुनेल या प्रख्यात इंजिनियरानें खोदविलेला हा बॉक्सचा बोगदा 1841 सालीं खुला झाला; लांबी जवळजवळ 3 किलोमीटर. काळोखांतून बाहेर पडून थोडें पुढें गेलें कीं टेकड्यांच्या उतरणीवर मधाच्या रंगाच्या घरांच्या ओळी दिसूं लागतात. आसपासच्या खाणींतला चुनखडीचा दगड हाच या सर्व शहराचा एकमेव पोशाख. त्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे रॉयल क्रेसेंट ही चंद्रकोरीच्या आकाराची 30 घरांची ओळ. धाकटा जॉन वुड यानें ती 1767 ते 1774 या काळांत उभारली. तें काम सुरू झालें तेव्हां पेशवाईंत थोरले माधवराव राज्य करीत होते. 1987 सालीं सगळेंच शहर जागतिक वारसा म्हणून नोंदलें गेलें.

आमचें लक्ष मात्र त्या घरांच्या दर्शनी खांबांहून त्यांच्या माथ्यावरील धुराड्यांकडे अधिक गेलें. एकेका घरावर मातीच्या कुंड्यांसारखीं आठ-आठ, दहा-दहा तोंडें ओळीनें बसविलेलीं दिसतात. जितक्या खोल्या तितक्या शेगड्या, आणि जितक्या शेगड्या तितकीं धुराडीं, असा जुना हिशेब. दोन शतकें त्यांतून कोळशाचा धूर निघत राहिला, आणि हा मधाळ दगड काजळून काळा झाला. 1956 सालीं शहरांतील धुरास आळा घालणारा कायदा झाला. पुढें हे दगड धुऊन पुन्हा उजळ करण्यांत आले. उत्तर समुद्राच्या तळाशीं 1965 सालीं इंधनवायु सांपडला, आणि 1967 ते 1977 या दहा वर्षांत ब्रिटनमधील घरोघरच्या शेगड्या त्या वायूवर चालतील अशा बदलून घेण्यांत आल्या. मग खोलीखोलींतील विस्तव विझला, आणि त्याच्या जागीं एकच बॉयलर व त्यापासून निघून सर्व घरांत हिंडणारें ऊन पाणी अशी व्यवस्था सर्रास झाली. आज तेथील दहांपैकीं नवाहून अधिक घरें अशा रीतीनेंच ऊब घेतात. धुराडीं राहिलीं आहेत तीं शोभेपुरतीं व कबुतरांपुरतीं.

परंतु एका ठिकाणीं पेटवून ऊब दुसरीकडे न्यावयाची ही कल्पना त्या गांवांत दोन हजार वर्षांची आहे. आपल्याकडे कोंकणांत तुरळ, उन्हवरे, राजापूर येथें जशीं उन्हाळीं आहेत, तसें बाथ हें इंग्रजांचें उन्हाळें. मेंडिप टेकड्यांवर पडलेलें पावसाचें पाणी चुनखडीच्या खडकांतून खोलवर झिरपतें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तापतें, आणि खडकांतील भेगेवाटे शहराच्या मध्यभागीं वर येतें. वर येतांना त्याची उष्णता 46 अंश सेल्सियस असते, आणि रोज सुमारें 11 लाख 70 हजार लिटर पाणी येतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन लोकांनीं या झऱ्याभोंवतीं ओकाचे खुंट चिखलांत ठोकून दगडी हौद बांधला, शेजारीं सुलिस मिनर्व्हा या देवतेचें देऊळ उभारलें, आणि मोठें स्नानगृह बांधलें. त्यांतील मुख्य कुंडाच्या तळाशीं अंथरलेले शिशाचे जाड पत्रे आजही पाणी धरून आहेत. कुंडाचें पाणी ऊन होतें. पण शेजारच्या घाम काढण्याच्या खोल्यांना त्याहून अधिक ऊब हवी. म्हणून त्या खोल्यांची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचलून धरली होती, आणि बाहेर पेटविलेल्या भट्टीची ऊन हवा त्या पोकळींतून व भिंतींतील पोकळ विटांतून खेळविली होती. ते बुटके खांब अजून रांगेनें उभे आहेत.

तें स्थान आम्हीं आल्या आठवड्यांतच पाहिलें. कुंडाचें पाणी हिरवें दिसतें, कारण रोमन छप्पर केव्हांच कोसळलें, आणि उन्हानें शेवाळ धरतें. 1978 सालीं त्या पाण्यांतील एका सूक्ष्म जंतूमुळें एका मुलीचा मृत्यु झाला. तेव्हांपासून तेथें स्नान बंद झालें. 1979-80 मध्यें झऱ्याचा उपसा करून पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं तळ शोधला, तेव्हां सुमारें 12 हजार रोमन नाणीं आणि शिशाच्या वगैरे पत्र्यांवर कोरलेले सुमारें 130 शाप सांपडले! स्नानास आलेल्यांचे कपडे चोरीस जात, आणि ते गरीब लोक चोराचें नांव-गांव ठाऊक नसतांना त्याचें वाटोळें करण्याविषयीं देवीकडे लेखी अर्ज करीत. हातमोज्यांची एक जोडी गेली म्हणून चोराचे डोळे जावेत असें मागणारा एक गृहस्थ त्यांत आहे. हातमोज्यांची किंमत आम्हांस त्या वेळीं अतिशयोक्तीची वाटली; नोव्हेंबरांत ती वाटेनाशी झाली.

आम्हांस सर्वांत अधिक आवडलें तें तेथील मोरीचें काम. झऱ्याचें जास्त झालेलें पाणी एका दगडी कमानींतून खालीं पडतें. त्यांतील लोखंडाच्या अंशानें तो दगड शेंदरासारखा तांबूस झाला आहे. तेथून एक मोठी मोरी थेट एव्हन नदीकडे जाते. माणसास आंत शिरून गाळ काढतां यावा एवढी ती मोठी आहे. रोमन अंमल पांचव्या शतकाच्या आरंभीं संपला. मोरी साफ करणारे हात गेले, गाळ सांचला, पाणी तुंबलें, जमिनी दलदलींत गेल्या आणि छप्परें खालीं आलीं. एवढें मोठें वैभव शत्रूनें बुडविलें नाहीं, तें न काढलेल्या गाळांत बुडालें, हें पाहून आम्ही घरीं परतलों, आणि घरांतही तोच प्रश्न उभा असलेला आम्हांस दिसला.

जावयांचें घर नदीच्या दक्षिणेस ओल्डफील्ड पार्क नांवाच्या भागांत, चढावरील एका जुन्या ओळींत आहे. खालीं-वर मिळून नऊ रेडिएटर. रेडिएटर म्हणजे भिंतीशीं उभी केलेली पोकळ पोलादी पाटी. बॉयलरमधून आलेलें पाणी एका अंगानें तींत शिरतें, ऊब देऊन दुसऱ्या अंगानें बाहेर पडतें, आणि पुन्हा बॉयलरकडे जातें. बाळासाठीं माडीवरची मागची खोली तयार केली होती; पाळणा मांडला होता; भिंतींना नवा रंग होता. परंतु त्या खोलींतील रेडिएटर वरच्या कडेस तेवढा ऊन, आणि मध्यापासून खालीं गार असे. पहाटे तेथें आमच्या श्वासाची वाफ दिसे. त्यांतच बॉयलरवरील दाबमापकाचा काटा दर आठवड्यास खालीं घसरे, आणि जावई न चुकतां तोटी फिरवून नवें पाणी आंत घेत. मागें एका कारागिरानें येऊन बॉयलरच बदलावा लागेल असें सांगून मोठा आंकडा लिहून दिला होता. घराचें कर्ज नवें, कन्या रजेवर जाणार. तो आंकडा टेबलावर पडून होता, आणि तो पाहून जावई बोलत नसत. कन्या एकदां आम्हांस हळूच म्हणाली, “बाबा, खोली गार राहिली तर बाळाला आमच्याच खोलींत घेऊं, पण त्यांच्याजवळ हें काढूं नका.”

पुढें शेजाऱ्यांच्या ओळखीनें एक वृद्ध प्लंबर आला. वायूच्या उपकरणांवर काम करण्यास त्या देशांत नोंदलेलाच कारागीर लागतो, आणि हा तसा नोंदलेला होता. त्यानें बॉयलर उघडून पाहिला आणि सांगितलें कीं, बॉयलर धडधाकट आहे. आजार पाण्यांत आहे. त्यानें रेडिएटरच्या माथ्यावरील लहान चावी किंचित् फिरविली आणि बशींत चार थेंब घेतले. ते शाईसारखे काळे होते. त्यानें बशीखालीं लोहचुंबक धरून हलविला, तेव्हां तो काळा गाळ बशींत त्याच्यामागें चालूं लागला. आमच्या सौभाग्यवतींनीं “अग बाई!” म्हणून पदर सांवरला.

मग त्यानें जें सांगितलें तें असें. नळाच्या ताज्या पाण्यांत प्राणवायु विरघळलेला असतो. तें पाणी पोलादाच्या संगतींत आलें कीं प्राणवायु पोलादास खातो. प्राणवायु भरपूर असेल तर तांबडा गंज होतो. तुटपुंजा असेल तर काळा, चुंबकास चिकटणारा. परंतु एकदां तो प्राणवायु संपला कीं पाणी निरुपद्रवी होतें, आणि तेंच तें पाणी वर्षानुवर्षें फिरत राहिलें तरी पोलादास फारशी इजा होत नाहीं. म्हणून या यंत्रास शिळें पाणी अमृत, आणि ताजें पाणी विष. दर आठवड्यास काटा उतरतो म्हणून प्रेमानें नवें पाणी पाजणें म्हणजे रोग्यास रोज थोडें थोडें विष घालणें होय. तो काळा गाळ जड असल्यामुळें रेडिएटरच्या तळाशीं बसतो, म्हणून रेडिएटर खालीं गार लागतो. वरचें अंग गार असतें तर आंत हवा कोंडली आहे असें समजावें. औषध दोन प्रकारचें: गाळ काढणें, आणि गळती शोधणें. पहिलें करून दुसरें न केल्यास पुन्हा हेंच.

गळती शोधण्याचें काम सौभाग्यवतींनीं केलें. त्यांनीं कागदी रुमालाचे कोरडे तुकडे प्रत्येक सांध्याला गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तपासले. जिन्याखालच्या रेडिएटरच्या झडपेशीं तुकडा ओला निघाला. तेथें हिरवट पांढरी पुटें चढलेलीं होतीं. तांब्याची कळक ओळखण्यास आमच्या घरच्या बायकांना इंजिनियर व्हावें लागत नाहीं!

शनिवारचा दिवस ठरला. त्या दिवशीं थंडी बेताची होती. जावई आणि आम्ही असे दोघे कामास लागलों. खरें सांगावयाचें तर तोंवर आमचें त्यांच्याशीं बोलणें हवापाण्यापलीकडे गेलें नव्हतें. सासऱ्यानें जपून बोलावें व जावयानें जपून ऐकावें, अशी आमची रीत. आतां एकाच्या हातीं पाना आणि दुसऱ्याच्या हातीं बादली आल्यावर ती रीत आपोआप सुटली.

प्रथम बॉयलर बंद केला, त्याची वीज तोडली, आणि सारें पाणी निवूं दिलें. नवें पाणी आंत घेण्याची तोटी घट्ट मिटली. घरांतील सर्वांत खालची निचऱ्याची तोटी दाराजवळ होती. तिला रबरी नळी जोडून तिचें दुसरें तोंड अंगणांतील मैलापाण्याच्या गटारांत सोडलें. पावसाच्या पाण्याचें गटार वेगळें असतें व तें नदीस मिळतें. गंजाचें व औषधाचें पाणी त्यांत सोडूं नये, हें प्लंबरनें बजावून सांगितलें होतें. मग सर्व झडपा उघडल्या, तोटी सोडली, आणि माडीवरून सुरुवात करून एकेका रेडिएटरची माथ्यावरची चावी सैल केली. वरून हवा आंत शिरल्याखेरीज खालून पाणी सुटत नाहीं. तांब्याच्या तोंडावर तळहात धरून तो उपडा केला तर काय होतें, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें.

या चाव्या पाहून आम्हांस पुण्याची आठवण झाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत जो नळ आणला, त्यावर जागोजाग दगडी उच्छ्वास बांधलेले आहेत. नळांतील कोंडलेली हवा तेथून बाहेर पडावी ही त्यांतील योजना. लहानपणीं मामांच्या वाड्यांतल्या हौदावर आम्ही तासन्‌तास खेळलों, पण उच्छ्वास या शब्दाचा अर्थ आम्हांस कळला तो बाथ येथें, एका पितळी चावीपाशीं. जावयांना तें सांगितलें, तेव्हां ते दिवसभर त्या चावीला उच्छ्वासच म्हणत होते.

निघालेलें पाणी सुमारें 80 ते 100 लिटर असावें. आरंभीं तें गढूळ तपकिरी, मग काळें, आणि शेवटीं काजळाच्या चिखलासारखें आलें. सर्वांत वाईट असे दोन रेडिएटर आम्हीं भिंतीवरून उतरवले, तोंडांत चिंध्या कोंबून अंगणांत नेले, आणि नळीच्या जोरानें धुतले. एकेकांतून घमेलेंभर काळी माती निघाली. मध्यान्हीं प्लंबर येऊन जिन्याखालची गळकी झडप बदलून गेला. नळ रिकामे असतांनाच हें काम होतें. रेडिएटर पुन्हा जागीं बसविले, एकाच्या माथ्यावरील तोंडांतून गाळ सोडविणारें औषध ओतलें, आणि भरणी करावयाचें ठरलें. भरण्यापूर्वीं सर्व उच्छ्वास मिटले पाहिजेत. खालचे मिटण्याचें काम जावयांकडे. माडीवरचे मिटण्याचें आमच्याकडे.

माडीवर चार उच्छ्वास होते. आम्हीं तीन मिटले. चौथा मिटावयास जाणार तों खालून चहाची हांक आली, आणि आम्ही चारही मिटल्याच्या समाधानानें खालीं उतरलों. जावयांनीं विचारलें, “बाबा, वरचे सगळे मिटले ना?” आम्हीं मोठ्या अधिकारानें म्हटलें, “मिटले.” त्यांनीं तोटी उघडली. काटा वर चढेना, म्हणून आणखी उघडली. इतक्यांत वरून सौभाग्यवतींची किंकाळी ऐकूं आली.

बाळाच्या खोलींतील उच्छ्वासांतून काळ्या पाण्याची बारीक चिळकांडी पाळण्यावरून पलीकडच्या खुर्चीपर्यंत गेली होती. उरलेल्या सात रेडिएटरांचा गाळ अजून आंतच होता, त्यामुळें तें पाणी शाईइतकेंच काळें. भिंतीचा नवा रंग, जमिनीवरचा गालिचा, आणि खुर्चीच्या पाठीवर उन्हें देण्यासाठीं टाकलेली मातोश्रींची गोधडी, तिन्हींवर तें उडालें. चावी मिटावयास अर्धें मिनिट लागलें असेल. त्यानंतर त्या खोलींत जी शांतता झाली, ती आम्ही विसरणार नाहीं.

जावई कांहीं बोलले नाहींत. कन्या दारांत उभी होती. तीही बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें. सौभाग्यवतींनीं गोधडी उचलून न्हाणीघरांत नेली. चाळीस वर्षें आम्ही एका सरकारी कचेरींत दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलों. न पाहतां सही करणाऱ्या कारकुनांना आम्हीं किती वेळां बोल लावला असेल! आणि येथें चार चाव्या मोजण्याचें काम आम्हांस झालें नाहीं. आम्हीं जावयांना म्हटलें, “चूक माझी आहे. मी न पाहतांच मिटले म्हणून सांगितलें.” त्यावर ते थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बाबा, तीन तर मिटले होते. चौथा मी वर येऊन पाहायला हवा होता. पुढच्या वेळीं मिटलेली चावी दोघांनीं पाहायची.” भिंत त्यांनीं दुसऱ्या दिवशीं आमच्याबरोबरच पुन्हा रंगविली.

गाळ सोडविणारें औषध घेऊन पाणी आठवडाभर घरांत फिरत राहिलें. पुढच्या शनिवारीं तें सगळें सोडून दिलें, आणि नळींतून येणारें पाणी कांचेच्या पेल्यांत स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा भरून ओतलें. या वेळीं उच्छ्वास दोघांनीं मिळून मिटले आणि मोठ्यानें मोजले. मग गंजरोधक औषध आंत घालून भरणी केली. काटा 1 व 1.5 यांच्या दरम्यान येतांच तोटी बंद. भरतांना क्रम उलटा: खालच्या मजल्यापासून आरंभ करून एकेका उच्छ्वासांतून हवा सोडावयाची, आणि पाणी दिसतांच मिटावयाचें, म्हणजे हवा वर वर ढकलली जाते. हवा सुटली कीं काटा थोडा उतरतो. तेवढें पाणी पुन्हा घ्यावें. शेवटीं बॉयलर पेटविला. जवळच्या रेडिएटरांनीं सारें ऊन पाणी पळवूं नये म्हणून त्यांच्या परतीच्या झडपा किंचित् आवळल्या, आणि दूरच्यांच्या मोकळ्या ठेवल्या. पंक्तींत वाढप्याजवळ बसलेल्यांनींच तूप संपवूं नये, तसा हा न्याय. तासाभरानें बाळाच्या खोलींत गेलों. रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखा ऊन होता. जावयांनीं त्याच्या तळाशीं हात लावला, मग आम्हीं लावला. नवा बॉयलर घेण्याचा तो कागद त्या रात्रीं टेबलावरून नाहींसा झाला.

गोधडी मात्र सोपी गेली नाहीं. साबणानें वरवरची काजळी निघाली. सौभाग्यवतींनीं लिंबू व मीठ चोळून ती दोन दिवस उन्हांत धरली. तेथलें नोव्हेंबरचें ऊन तें काय! वडिलांच्या धोतराच्या पांढऱ्या पट्ट्यावर रुपयाएवढा करडा डाग राहिला तो राहिलाच.

त्या आठवड्यांत आम्ही एकटेच पुन्हा गांवांत गेलों. रोमन स्नानगृहाशेजारीं बाथचें मोठें प्रार्थनामंदिर आहे. त्याची फरसबंदी खचूं लागली होती. ती दुरुस्त करतांना तेथील मंडळींनीं एक नामी योजना केली. रोमन मोरींतून नदीस वाहून जाणाऱ्या ऊन पाण्यांत उष्णता घेणारीं यंत्रें बसविलीं, आणि त्या उष्णतेवर 2021 सालापासून मंदिराची जमीन ऊन राखली जाऊं लागली. मोरींतलें पाणी तें. त्याची ऊब मात्र दुसऱ्याच एका मिटलेल्या नळांतील पाण्याला देऊन मग तें नदीकडे सोडतात. ज्या मोरीचा गाळ न काढल्यामुळें एक वैभव बुडालें, तीच साफ केल्यावर शेजारचें मंदिर उबवूं लागली. आम्ही कांहीं वेळ त्या जमिनीवर उभे राहिलों. बुटांतून ऊब जाणवते कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं, पण बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनीं गळपट्टे सोडून ठेवले होते.

डिसेंबरच्या 3 तारखेस कन्येला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरीं आल्या तो दिवस मोठ्या थंडीचा होता. बाहेर गवतावर पांढरें दंव, आणि माडीवरच्या खोलींत आमच्या श्वासाची वाफ नाहीं. संध्याकाळीं मातोश्रींना दूरध्वनीवर नात दाखविली. त्यांना दिसलें किती कोण जाणे. पण पणतीच्या अंगाखालची गोधडी त्यांनीं ओळखली. आम्हीं तोंवर त्यांना कांहींच सांगितलें नव्हतें. आतां मात्र राहवलें नाहीं. डागाची सगळी हकीकत, न मोजलेल्या चावीसकट, त्यांस सांगितली.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पोराला तीट लावतात ती काळीच असते ना? ती आधीं गोधडीला लागली, असें समज. आणि गाळ नीट काढलास ना?”

“काढला, आई.”

“मग झालें.”

फेब्रुवारींत आम्ही परत आलों. जावई दर रविवारीं बॉयलरचा काटा आम्हांस कळवितात. तो अद्याप हललेला नाहीं, आणि आंतलें पाणी दिवसेंदिवस अधिक शिळें व अधिक सुरक्षित होत आहे. वाईच्या बंबांतलें शिळें पाणी मात्र आम्ही रोज पहाटे ओतून टाकतों. तेथें मातोश्रींचा दंडक चालतो.